मालिकेचा नवा भाग आणि चाहत्याचा प्रतिसाद : एक विवेचन

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीवरील मालिका हा आज मराठी कुटुंबाच्या दिनक्रमाचा एक भाग झाला आहे. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाल्यावर मराठी प्रेक्षकाला आपल्या भाषेतील कार्यक्रम घरबसल्या पाहण्याची संधी मिळाली. तेव्हापासून आजपर्यंत मालिकांविषयी जे लेखन झाले, त्यातील बरेचसे मालिकेच्या आशयाविषयी आहे. मालिकेत स्त्रीचे चित्रण कसे असते, दागदागिन्यांचे प्रदर्शन किती असते, कथा किती ताणली जाते, असे प्रश्न त्यात वारंवार येतात. मालिका पाहणारी व्यक्ती नवा भाग संपल्यानंतर काय म्हणते, कशावर रागावते, कशासाठी हळहळते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा का बसते, या प्रश्नांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

प्रस्तुत लेखात नाट्यप्रधान व विनोदी मालिकांच्या नव्या भागाला चाहत्याकडून मिळणाऱ्या प्रतिसादाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रतिसाद केवळ भाबडेपणा वा रिकामपणचा उद्योग नसून अपूर्ण कलाकृतीवर दिलेला एक विचारपूर्वक अभिप्राय असतो, आणि तो न ऐकल्यास समाजाच्या एका मोठ्या घटकाचे म्हणणे आपल्या नोंदीबाहेर राहते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

'चाहता' ही संकल्पना

प्रत्येक प्रेक्षक चाहता नसतो. टीव्ही सुरू आहे म्हणून समोर बसणारा आणि ठरावीक मालिकेसाठी टीव्ही सुरू करणारा यांत फरक आहे. चाहत्याची तीन लक्षणे सांगता येतील. पहिले सातत्य; तो एकही भाग चुकवू इच्छित नाही आणि चुकल्यास काय घडले ते दुसऱ्याकडून समजून घेतो. दुसरे स्मरण, शंभर भागांपूर्वी कोणते पात्र काय म्हणाले होते, हे त्याला आठवते. तिसरे लक्षण उच्चार. पाहिलेल्या भागाविषयी तो कोणाशी तरी बोलतो. ही लक्षणे एकत्र आली म्हणजे प्रेक्षकाचे चाहत्यात रूपांतर होते.

अमेरिकन अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चाहत्याला मिशेल द सर्तो यांच्या एका रूपकाच्या आधारे समजून घेतले. दुसऱ्याच्या रानात शिरून आपल्याला हवे तेवढे उचलून नेणारा माणूस, असे ते रूपक आहे. रान दुसऱ्याचे असते, त्यावर चाहत्याचा कायदेशीर हक्क नसतो. परंतु तेथून आणलेल्या वस्तूचे काय करायचे ते त्याचे तो ठरवतो. ही कल्पना स्वीकारली म्हणजे 'मालिका प्रेक्षकाच्या मनावर परिणाम करते' या एकेरी विधानाची मर्यादा लक्षात येते. प्रेक्षकही मालिकेचे काहीतरी करत असतो.

भारतीय परंपरेतील प्रेक्षकविचार

प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा विचार पाश्चात्य माध्यमशास्त्रानेच प्रथम केला, असे समजण्याचे कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसाव्या अध्यायात नाट्यप्रयोगाच्या 'सिद्धी'ची, म्हणजे यशाची, चर्चा आहे. तेथे सिद्धीचे मानुषी व दैवी असे दोन प्रकार मानले असून मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वाणीतून व शरीरातून कशी प्रकट होते, ते तपशिलाने सांगितले आहे. स्मित, अर्धहास्य व अतिहास्य. 'साधु', 'अहो', 'कष्टम्' यांसारखे उद्गार. अंगावर आलेले रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रादी वस्तू देऊन टाकणे, ही सर्व प्रयोगाच्या यशाची चिन्हे होत. हास्याच्या तीन पायऱ्या येथे वेगळ्या नोंदवल्या आहेत, ही गोष्ट विनोदी मालिकेच्या विचारात विशेष उपयोगाची आहे.

त्याच अध्यायात प्रेक्षकांच्या रुचिभेदाचीही दखल घेतली आहे. तरुणांना एक आवडते, वृद्धांना दुसरे, शूरांना तिसरे, याची जाण भरताला होती. खरा प्रेक्षक पात्राच्या आनंदाने आनंदतो आणि त्याच्या शोकाने शोकाकुल होतो, असेही तेथे सांगितले आहे. दिवाणखान्यात बसून नायिकेच्या दुःखाने डोळे पुसणाऱ्या व्यक्तीला हसण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

तथापि येथे एक भेद करावा लागतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहणे हे एक विघ्न आहे. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार पात्राचे दुःख 'माझे' वा 'त्याचे' न राहता सर्वसाधारण झाले पाहिजे. नाट्यगृहात हे शक्य होते, कारण प्रेक्षक आपले घर मागे ठेवून तेथे येतो. मालिका मात्र घरातच येते. कुकरची शिट्टी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या औषधाची वेळ या सर्वांच्या मध्ये ती पाहिली जाते. त्यामुळे मालिकेच्या चाहत्याचा प्रतिसाद स्वतःच्या सुखदुःखापासून पूर्णतः सुटलेला नसतो. रससिद्धांताच्या दृष्टीने जे विघ्न, तेच मालिकेच्या बाबतीत आस्वादाचे प्रवेशद्वार ठरते, असे म्हणता येईल.

दोन भागांमधील अवकाश

मालिकेचा प्रतिसाद कादंबरीच्या वा चित्रपटाच्या प्रतिसादाहून वेगळा होतो, याचे प्रमुख कारण म्हणजे दोन भागांमधील अवकाश. चित्रपटावरील मत चित्रपट संपल्यावर बनते. मालिकेवरील मत मालिका चालू असताना, शेवट माहीत नसताना बनत असते. 'क्रमशः' या शब्दाची मराठी वाचकाला जुनी ओळख आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. पुढील अंक येईपर्यंत यमूचे काय होणार, या काळजीत वाचक राहत असणार, हे उघड आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्यांचे वाचकही याच अवस्थेतून गेले होते. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी कलाकृतीतील रिकाम्या जागा वाचक आपल्या कल्पनेने भरतो, असे प्रतिपादन केले. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीत ही रिकामी जागा अधिक ठळक होते, हेही त्यांनी दाखवून दिले.

दूरचित्रवाणीच्या इतिहासात या अवकाशाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील 'डॅलस' (१९७८ ते १९९१) या मालिकेचे आहे. २१ मार्च १९८० रोजी प्रसारित झालेल्या भागाच्या अखेरीस जे. आर. युइंग या खलप्रवृत्तीच्या प्रमुख पात्रावर अज्ञात व्यक्तीने गोळी झाडली. गोळी कोणी झाडली, याचे उत्तर २१ नोव्हेंबर १९८० च्या भागात मिळाले. त्या वर्षी झालेल्या कलावंतांच्या संपामुळे हा कालावधी नेहमीपेक्षा लांबला होता. उत्तर देणारा भाग अमेरिकेत सुमारे आठ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, असा अंदाज आहे. मधले आठ महिने चाहत्यांनी तर्क लढवण्यात घालवले. संशयित कोण, कोणाला कारण होते, कोणाला संधी होती, याची छाननी करताना सामान्य प्रेक्षक मागील भागांचे पुरावे तपासत होता. अवकाश जितका मोठा, तितका चाहत्याच्या बुद्धीला वाव अधिक, हे यावरून दिसते.

याउलट १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने 'हाऊस ऑफ कार्ड्स'च्या पहिल्या पर्वाचे १३ही भाग एकाच दिवशी उपलब्ध करून दिले. ही पद्धत पुढे रूढ झाली. प्रेक्षकाची सोय झाली, परंतु सर्वांनी मिळून वाट पाहण्याचा अनुभव त्यातून वजा झाला. मराठी वाहिन्यांवरील दैनंदिन मालिकेने हा अनुभव, एका दिवसापुरता का होईना, टिकवून धरला आहे.

नाट्यप्रधान मालिका आणि भावनिक वास्तव

'डॅलस'चाच आणखी एक धागा येथे महत्त्वाचा आहे. नेदरलँड्समधील अभ्यासक इएन आंग यांनी एका स्त्रियांच्या नियतकालिकात छोटी जाहिरात देऊन या मालिकेविषयी वाचकांची मते मागवली. त्यांना ४२ पत्रे आली आणि त्यांच्या आधारे लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये डचमध्ये व १९८५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. टेक्सासमधील तेलसम्राटांच्या जीवनाशी डच स्त्रियांचा काही संबंध नव्हता, तरीही अनेकींना ती मालिका 'खरी' वाटत होती. आंग यांनी याचे स्पष्टीकरण 'भावनिक वास्तव' या संकल्पनेने केले. हवेली, मोटारी, पोशाख खोटे असतील. परंतु भावाभावांतील वैर, नवऱ्याकडून होणारी उपेक्षा, सुख हाती येता येता निसटणे, या गोष्टी खऱ्या असतात. मराठी मालिकेतील स्वयंपाकघरात कोणी भरजरी साडी नेसून पोळ्या लाटत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तिचा प्रतिसाद साडीला नसून पोळी लाटताना ऐकाव्या लागलेल्या बोलण्याला असतो.

तामार लीब्स व एलिहू काट्झ यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच मालिकेचा भाग वेगवेगळ्या समाजगटांना घरी एकत्र बसवून दाखवला व त्यानंतरची चर्चा नोंदवली. इस्रायलमधील अरब, मोरोक्कोतून आलेले ज्यू, रशियातून नुकतेच आलेले स्थलांतरित, किबुट्झमधील रहिवासी आणि अमेरिकेतील प्रेक्षक असे ते गट होते. भाग एकच, परंतु तो सांगण्याच्या पद्धती भिन्न होत्या. अरब व मोरोक्कन गटांनी घटनाक्रमानुसार कौटुंबिक कथा सांगितली. अमेरिकन व किबुट्झमधील प्रेक्षकांनी पात्रांच्या मनोव्यापारांवर भर दिला. रशियन गटाने त्यामागील हेतू व संदेश शोधला. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सिद्धांताला यातून एक प्रकारे पुष्टी मिळते. निर्मात्याने योजलेला अर्थ जसाच्या तसा स्वीकारणे, काही स्वीकारून काही आपल्या अनुभवाप्रमाणे बदलणे, किंवा तो सरळ नाकारणे, अशा तीन भूमिका प्रेक्षक घेऊ शकतो, असे हॉल यांचे म्हणणे होते.

भारतातील याचे सर्वांत बोलके उदाहरण 'हम लोग' हे आहे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका ७ जुलै १९८४ पासून डिसेंबर १९८५ पर्यंत दूरदर्शनवर चालली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी विकसित केलेल्या, मनोरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या मालिकांचा आदर्श तिच्यामागे होता. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन त्या दिवशीच्या प्रसंगावर काही वाक्ये बोलत व प्रेक्षकांपुढे प्रश्न ठेवत. प्रेक्षकांनी या प्रश्नांची उत्तरे पत्रांतून दिली. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासानुसार मालिकेच्या काळात सुमारे ४ लाख पत्रे आली. बडकीने लग्नाचा निर्णय लवकर घ्यावा, मझलीने सावध राहावे, असे सल्ले त्या पत्रांत होते. डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये पडद्यावरील व्यक्ती व प्रेक्षक यांच्यातील ज्या एकतर्फी परंतु जिव्हाळ्याच्या नात्याचे वर्णन केले होते, त्याचा हा भारतीय आविष्कार म्हणावा लागेल.

सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा प्रचार फार उघड होता. प्रेक्षकांना तो रुचला नाही, तेव्हा पहिल्या १३ भागांनंतर त्याचे प्रमाण कमी करून कौटुंबिक कथेवर भर देण्यात आला. प्रेक्षकाच्या नापसंतीने शासकीय माध्यमाला आपला मार्ग बदलावा लागला, ही साधी गोष्ट नव्हे. याहून विचारप्रवर्तक प्रकार भागवंती या पात्राबाबत घडला. सर्व अन्याय मुकाट्याने सोसणारी ही आई निर्मात्यांनी 'असे असू नये' या हेतूने उभी केली होती. अनेक प्रेक्षकांनी, त्यांतही स्त्रियांनी, तिलाच आदर्श मानले. प्रेक्षक अडाणी होते, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे. परंतु सोसण्यावाचून दुसरा मार्ग न उरलेल्या स्त्रीने आपल्यासारखीच सोसणारी स्त्री पडद्यावर पाहून तिचा गौरव केला असेल, तर ती आपल्या स्वतःच्या आयुष्याला किंमत देत होती, असेही म्हणता येईल. मालिकेने तिच्यासमोर पर्याय ठेवला. पर्याय स्वीकारण्याची परिस्थिती मालिका तिला देऊ शकत नव्हती.

पूर्णिमा मानकेकर यांनी दिल्लीतील निम्न-मध्यमवर्गीय स्त्रियांमध्ये केलेल्या व १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसते. बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत'मधील द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रसंगाविषयी बोलताना या स्त्रिया स्वतःच्या घरातील व रस्त्यावरील असुरक्षिततेविषयी बोलू लागल्या. जे थेट बोलणे शक्य नव्हते, ते द्रौपदीच्या निमित्ताने बोलता आले. मराठी घरांतही 'तिने असं ऐकून घ्यायला नको होतं' हे वाक्य मालिकेतील सुनेविषयी उच्चारले जाते, तेव्हा ते खोलीतील कोणासाठी आहे, हे ऐकणाऱ्यांना बहुधा समजते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'आभाळमाया'तील सुधा जोशी ही प्राध्यापिका, नोकरी आणि संसार सांभाळताना नवऱ्याच्या वागण्याने दुखावली जाते. तिच्या निर्णयांवर घरोघरी झालेल्या चर्चेत नोकरदार स्त्रीच्या स्वाभिमानाचा प्रश्न सहजपणे आला, तो भाषणांतून इतक्या सहजतेने आला नसता.

विनोदी मालिका : हसणे कोणाला आणि कोणाबरोबर

विनोदी मालिकेतील नव्या भागाची रचना निराळी असते. नाट्यप्रधान मालिकेचा भाग उत्कंठेवर थांबतो. विनोदी मालिकेचा भाग बहुधा पूर्वस्थितीला परत येऊन संपतो. घोटाळा होतो, वाढतो आणि निस्तरला जातो. पात्रे मात्र होती तशीच राहतात. म्हणून तिचा चाहता 'आता काय होणार' असे विचारत नाही. हे पात्र या प्रसंगी कसे वागेल, ते त्याला आधीच माहीत असते आणि ते तसेच वागले म्हणजे तो हसतो. अपेक्षाभंगाइतकीच अपेक्षापूर्तीही हास्याला कारण होते.

मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सादर झालेल्या 'चिमणराव' मालिकेत या अपेक्षेचे मूळ पुस्तकात होते. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ मराठी वाचकाने आधीच आपल्या मनात रंगवले होते. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांना त्या मनातील चित्रांशी सामना करावा लागला. प्रेक्षकाची पहिली प्रतिक्रिया तुलनेची होती, आणि ही पात्रे आठवताना पुढे अनेकांच्या डोळ्यांसमोर हेच दोन चेहरे येऊ लागले, यातच त्या तुलनेचा निकाल आहे. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये प्रभावळकरांनीच आबांची भूमिका केली. त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर आधारलेल्या या मालिकेत आबांची रोजनिशी प्रसंगाला शांत विराम देत असे. येथे भरताने सांगितलेले स्मित अधिक आणि अतिहास्य कमी होते. तीन पिढ्या एका घरात राहतात तेव्हा उडणारे खटके प्रेक्षकाच्या परिचयाचे असल्यामुळे तो आबांना नव्हे, आबांबरोबर हसत होता.

हसण्यातील हा 'ला' आणि 'बरोबर'चा भेद किती गंभीर असू शकतो, हे अमेरिकेतील 'ऑल इन द फॅमिली' (१९७१ ते १९७९) या मालिकेने दाखवून दिले. ब्रिटनमधील 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेवरून घेतलेल्या या कथेत आर्ची बंकर हा वंशद्वेष्टा, हेकट गृहस्थ केंद्रस्थानी होता. त्याच्या पूर्वग्रहांची टर उडवून प्रेक्षकाला शहाणे करावे, असा निर्मात्यांचा हेतू होता. नील विडमार व मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र समोर आले. ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह अधिक होते, त्या प्रेक्षकांना आर्ची अधिक कौतुकास्पद वाटत होता आणि वादात तोच जिंकतो, असे त्यांचे मत होते. दोन शेजारी एकाच क्षणी मोठ्याने हसले, तरी एक आर्चीला हसत असेल आणि दुसरा आर्चीच्या बाजूने. भागवंतीच्या बाबतीत जे करुणेच्या मार्गाने घडले, तेच येथे हास्याच्या मार्गाने घडले. मराठी विनोदी कार्यक्रमांत स्त्रीवेषातील पुरुष, ग्रामीण उच्चार वा लठ्ठपणा यांवर हशा मिळतो, तेव्हा तो हशा नेमका कशाला आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. केवळ हशाच्या आवाजावरून त्याचे उत्तर मिळत नाही.

कथेवर हक्क कोणाचा?

सातत्याने पाहणाऱ्या चाहत्याला कालांतराने कथेवर आपलाही काही हक्क आहे, असे वाटू लागते. अमेरिकेतील 'स्टार ट्रेक' ही मालिका दुसऱ्या पर्वानंतर बंद होणार, अशी शक्यता निर्माण झाली, तेव्हा १९६७-६८ मध्ये चाहत्यांनी वाहिनीला पत्रे पाठवण्याची मोहीम उघडली आणि मालिकेला तिसरे पर्व मिळाले. ब्रिटनमधील 'क्रॉसरोड्स' या मालिकेतून १९८१ मध्ये नोएल गॉर्डन या ज्येष्ठ अभिनेत्रीला वगळण्यात आले, तेव्हा प्रेक्षकांनी तीव्र निषेध केला. तो निर्णय मात्र बदलला नाही. डोरोथी हॉब्सन यांनी त्या काळात प्रेक्षकांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमवेत मालिका पाहून आपला अभ्यास सिद्ध केला. समीक्षकांनी ज्या मालिकेला सामान्य दर्जाची ठरवले होते, तिच्याविषयी वृद्ध स्त्रिया किती बारकाईने बोलू शकतात, हे त्यातून पुढे आले.

'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका स्टार प्लसवर जुलै २००० मध्ये सुरू झाली. त्यातील मिहिर या नायकाचा मृत्यू २००१ मध्ये दाखवण्यात आला. प्रेक्षकांमध्ये मोठी खळबळ उडाली आणि पुढे कथेत तो परत आला. नंतर याच भूमिकेत अमर उपाध्याय यांच्या जागी इंदर कुमार व त्यानंतर रोनित रॉय आले, तरी मालिका २००८ पर्यंत चालू राहिली. चाहत्याने पात्राचा मृत्यू नाकारला, परंतु त्याचा चेहरा बदलणे स्वीकारले, ही बाब विचार करण्यासारखी आहे. त्याची निष्ठा नटाइतकीच कुटुंबातील त्या स्थानाशी होती, असा तिचा अर्थ लावता येतो. २०२५ मध्ये या मालिकेचे नवे पर्व सुरू झाले आणि अमर उपाध्याय त्याच भूमिकेत परतले.

मृत पात्र परत आणले म्हणजे चाहता संतुष्ट होतोच, असेही नाही. 'डॅलस'मध्ये १९८५ साली मरण पावलेला बॉबी १९८६ मध्ये जिवंत दाखवला गेला आणि मधल्या संपूर्ण पर्वातील घटना हे त्याच्या पत्नीचे स्वप्न होते, असा खुलासा करण्यात आला. अनेक चाहत्यांना ही आपली फसवणूक वाटली. बॉबी परत आला याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. एक वर्षभर त्यांनी जे लक्षपूर्वक पाहिले, ज्यावर विश्वास ठेवला, ते सर्व एका वाक्यात रद्द झाले, याचा तो राग होता. चाहता वेळ देतो आणि स्मरण ठेवतो. त्या स्मरणाचा मान राखला जावा, एवढी त्याची अपेक्षा असते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ॲलन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, नवख्या प्रेक्षकाला मालिकेत तेच तेच घडताना दिसते. जुन्या प्रेक्षकाला मात्र ती बातमी कोणाला कळली, कोणापासून लपली आणि त्यामुळे कोणते नाते हलले, हे दिसते. 'चार दिवस सासूचे' या ई टीव्ही मराठीवरील मालिकेचे २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग झाले. ते सर्व स्मरणात ठेवून नव्या भागाचा न्याय करणारी व्यक्ती लहानशा ग्रंथालयाएवढी सामग्री मनात वागवत असते.

मोजमाप आणि अर्थ

वाहिन्यांना प्रेक्षकाचे मत कळते ते मुख्यतः आकड्यांतून. निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांच्या साहाय्याने कोणती वाहिनी, किती वेळ, घरातील कोणी पाहिली, याची नोंद होते. २०१५ पासून भारतात 'बार्क' या संस्थेमार्फत ही आकडेवारी दिली जाते. जाहिरातींचे दर आणि मालिकेचे आयुष्य तिच्यावर ठरते. या आकड्यांची उपयुक्तता नाकारता येणार नाही. परंतु रागाने पाहिलेला भाग आणि आनंदाने पाहिलेला भाग आकड्यात सारखाच उमटतो. भागवंतीला आदर्श मानणारी आणि तिच्यावर चिडणारी, आर्चीला हसणारा आणि त्याची री ओढणारा, हे सर्व तेथे एकाच रकान्यात येतात. 'हम लोग'च्या काळात एका पोस्टकार्डावर जे मावत होते, ते आकड्यात मावत नाही. परिणामी नायिकेचा छळ दाखवल्यावर आकडा वाढला, तर छळ आवडतो, असा अर्थ लावला जाण्याची शक्यता निर्माण होते. तो छळ संपलेला पाहण्यासाठी प्रेक्षक बसला होता, ही शक्यता नोंदीबाहेर राहते.

प्रतिसादातील अपराधभाव

आंग यांना आलेल्या पत्रांत एक गोष्ट लक्षणीय होती. मालिका आवडणाऱ्या अनेकांनी आपली आवड समर्थन देत, संकोचत वा थट्टेच्या सुरात व्यक्त केली होती. नावडणाऱ्यांना असे काही करावे लागले नाही. लोकप्रिय कला ही हलकीच असते, या सर्वत्र पसरलेल्या समजुतीचा तो परिणाम होता. मराठी सुशिक्षित वर्गात याचे रूप परिचित आहे. 'मी काही बघत नाही, घरात चालू असते म्हणून कानावर पडते,' असे प्राध्यापक कक्षात म्हटले जाते आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत कालच्या भागाचा सविस्तर वृत्तांत सांगितला जातो. क्रिकेटच्या सामन्यावर दोन तास बोलताना असा खुलासा कोणी करत नाही. दोन्ही ठिकाणी स्मरण, आकडेमोड, पक्षपात व हळहळ सारखीच असते. फरक एवढाच की, क्रिकेटची चर्चा पुरुषांची मानली गेली आणि मालिकेची बायकांची. ब्रिटिश अभ्यासक शार्लट ब्रन्सडन यांनी १९८१ मध्ये म्हटल्याप्रमाणे, मालिका समजण्यासाठी नातेसंबंध व घरगुती व्यवहार यांचे विशेष ज्ञान लागते. या ज्ञानाला ज्ञान म्हणण्याची सवय नसल्यामुळे त्यावर आधारलेला अभिप्रायही समीक्षा म्हणून गणला जात नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. मालिकेच्या नव्या भागाला चाहत्याने दिलेला प्रतिसाद अपूर्ण कलाकृतीवरचा असल्याने त्यात आस्वाद, तर्क व नैतिक निवाडा एकत्र नांदतात. नाट्यप्रधान मालिकेत तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या जीवनाविषयी अप्रत्यक्षपणे बोलतो, तर विनोदी मालिकेत त्याच्या पूर्वग्रहांवर अनपेक्षितपणे प्रकाश टाकतो. निर्मात्याचा हेतू चांगला असला, तरी अर्थाची हमी तो देऊ शकत नाही. आकडेवारी प्रेक्षकाची उपस्थिती सांगते, अभिप्राय सांगत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक छोटे परंतु करण्याजोगे काम सुचते. भाषा, समाजशास्त्र व मानसशास्त्र या विभागांतील विद्यार्थ्यांनी आपल्याच घरात, आई वा आजीच्या शेजारी बसून एखाद्या मालिकेचे सलग काही भाग पाहावेत आणि भाग संपल्यावर जे बोलले जाते, ते संबंधितांच्या संमतीने टिपून ठेवावे. त्यासाठी अनुदान लागत नाही, वही पुरेशी आहे. ज्या स्त्रीने आयुष्यात कधी समीक्षा लिहिली नाही, तिने हजारो भागांवर रोज रात्री मत दिलेले असते. ते मत ऐकले गेले नाही, तर तिच्या पिढीबरोबर ते संपून जाईल. मालिका वाहिन्यांच्या संग्रहात राहतील. ती पाहताना घराघरांतून जे बोलले गेले, ते मात्र कोणी लिहून ठेवले तरच उरेल.